काहीच ढिलं नसलेली जिप्सी लाइन का धरत नव्हती?

गाडी २००१ची. मारुतीची जिप्सी किंग, १.३ लिटर, एमपीएफआय पेट्रोल, स्टिअरिंग हाताचं, म्हणजे पॉवर नसलेलं. मालक कोल्हापूरचे, पन्हाळ्याच्या बाजूला शेती, वय साठीच्या पुढे. मी त्यांना काका म्हणतो. त्यांचं गाऱ्हाणं एका वाक्यात होतं : "गाडी लाइनच धरंना झालीया बघा."

अशा तक्रारीवर बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो, प्ले किती आहे, म्हणजे चाकं न वळता स्टिअरिंग किती मोकळं फिरतं? इथेही तेच झालं होतं. काकांनी माझ्याकडे येण्याआधी तीन ठिकाणं केली होती. टाय रॉडचे (पुढची दोन चाकं जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंकचे (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) एंड नवे, स्टिअरिंग डॅम्पर नवा, अलाइनमेंट दोनदा, स्टिअरिंग बॉक्स 'टाइट करून' झालेला. दर वेळी दोन दिवस गाडी बरी वाटायची. निदान पैसे दिल्यावर तसं वाटायचं, आणि मग परत तेच. गाडी माझ्याकडे आली तेव्हा पुढच्या बाजूला हाताने हलेल असं काही उरलंच नव्हतं. चाक सरळ ठेवून स्टिअरिंगच्या कडेला मोजलेला मोकळा खेळ जेमतेम १२ मिमी होता. या गाडीला ३० मिमीपर्यंत चालतो. कागदावर गाडी उत्तम होती, आणि हायवेवर ६०च्या पुढे दोन्ही हात कामाला.

या प्रकरणात मला रस वाटला तो त्यामुळे. ढिल्या गाडीचं निदान सोपं असतं.

आधी ऐकून घेतलं

गाडीखाली शिरण्याआधी मी अर्धा तास काकांना बोलतं ठेवलं. पाच गोष्टी टिपून ठेवल्या.

दोन वर्षांपूर्वी गाडी ठीक होती. मग २३५/७५ आर १५ मापाचे टायर बसवले. मूळच्या २०५/७० आर १५ पेक्षा हा टायर व्यासाला सुमारे ६५ मिमी मोठा. तो चिखलात उतरताना मडगार्डला घासू लागला, म्हणून पुढे-मागे मूळच्यापेक्षा ४० मिमी लांब शॅकल टाकले. शॅकल म्हणजे पाट्याचं, लीफ स्प्रिंगचं, एक टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी. त्याच फेरीत मागच्या डाव्या पाट्यात एक जादा पान घातलं, कारण गाडी त्या बाजूला बसली होती. तक्रार सुरू झाली ती या कामांनंतर, पण लगेच नाही. "हळूहळू वाढत गेलं" हे काकांचे शब्द.

दुसरं, ब्रेक लावला की गाडी जास्त चुळबुळते.

तिसरं, ॲक्सिलरेटर दिला की गाडी किंचित डावीकडे जाते आणि सोडला की उजवीकडे. हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही. मी विचारल्यावर आठवून सांगितलं.

चौथं मला गमतीचं वाटलं. शेतातल्या चिखलात फोर-एच टाकलं, म्हणजे चारही चाकांना ताकद दिली, की "गाडी शहाण्यावानी चालते". चिखलात वेग कमी असतो, त्यामुळे मी त्यावर फार विसंबलो नाही, पण वहीत लिहून ठेवलं. त्याचा अर्थ नंतर लागला.

पाचवं, वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, हाताने आणावं लागतं. काकांना ही तक्रारच वाटत नव्हती. "जुनी गाडी हाय, कुठनं येणार परत?"

खरं तर या पाचव्या वाक्यावर मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. ते पुढे येतंच.

भटकणं, ओढणं आणि थरथरणं

हे तिन्ही शब्द गॅरेजमध्ये एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि पैसे तिथेच वाया जातात. गाडी 'ओढते' म्हणजे सतत एकाच बाजूला जाते. तिथे टायर, ब्रेक चिकटणं, दोन बाजूंच्या कोनांतला फरक असं बघायचं. 'थरथरते' म्हणजे ठरावीक वेगाला किंवा खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाकं डावी-उजवी फडफडतात. सॉलिड ॲक्सलच्या गाड्यांमध्ये, जिप्सीत तर विशेष, किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं तिच्या, बेअरिंगचा ताण गेला की हे होतं. आणि 'भटकते' म्हणजे गाडीला कुठलीच दिशा प्रिय नसते. सरळ धरली की डावीकडे, सुधारली की उजवीकडे, आणि चालक दिवसभर छोट्या छोट्या दुरुस्त्या करत राहतो.

काकांची गाडी भटकत होती. भटकण्याची कारणं दोन वेगळ्या घरांतली असतात. एक घर ढिलेपणाचं : तुम्ही स्टिअरिंग फिरवता आणि चाकाला ते उशिरा कळतं. दुसरं घर परत न येण्याचं : चाकाला सगळं नीट कळतं, पण सरळ व्हायची ओढच त्याच्यात नसते, जिथे ठेवाल तिथे ते राहतं. हातांना दोन्ही सारखंच लागतं. उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध, कारण पहिल्यात आवळायचं असतं आणि दुसऱ्यात आवळलं की आणखी बिघडतं.

रस्त्यावर

पहाटे साडेपाचला रस्ता मोकळा असताना गाडी काढली. आधी एका रिकाम्या मैदानात, चालत्या माणसाच्या वेगाने, पूर्ण उजवीकडे कापून स्टिअरिंग सोडून दिलं. चांगल्या जिप्सीत ते स्वतःहून बरंचसं उलगडतं. इथे पाव फेरा फिरलं आणि थांबलं. डावीकडूनही तसंच, फक्त थांबण्याची जागा वेगळी. ती जागा वेगळी का, हे मी तेव्हा मनात घोळवत राहिलो.

मग हायवेवर ६०. हात सैल सोडले की गाडी रस्त्याच्या उतारासोबत निघून जायची. आपल्याकडे रस्ता डावीकडे उतरता, म्हणून ती डावीकडे. ओव्हरटेकच्या लेनमध्ये, जिथे उतार दुभाजकाकडे होता, तिथे उजवीकडे. म्हणजे गाडी ओढत नव्हती. रस्ता सांगेल तिकडे जात होती. शेजारून ट्रक गेला की वाऱ्याचा धक्का बसायचा, आणि त्यातून सावरायला मला दोन-तीन वेळा स्टिअरिंग इकडे-तिकडे करावं लागायचं.

ॲक्सिलरेटरचा खेळ काकांनी सांगितला तसाच होता. दिला की नाक डावीकडे, सोडला की उजवीकडे. हे पुढच्या बाजूने होणं अवघड आहे. हे मागचा ॲक्सल हलत असल्याचं लक्षण.

माझी चूक

इतकं सगळं दिसत असताना मी पहिला हात घातला तो किंगपिनला. कारण सवय. जिप्सी म्हटलं की किंगपिन, असं डोक्यात पक्कं बसलेलं. रविवारची अख्खी दुपार डावी बाजू उघडण्यात गेली. टाय रॉड सोडवला, स्प्रिंगचा काटा नकलच्या (चाकाला धरून किंगपिनवर वळणारा तुकडा) एंडच्या भोकात अडकवून ओढून पाहिला. ऑइल सील काढून नकल हलायला १ ते १.८ किलो लागले पाहिजेत. काटा बरोबर मधोमध. बेअरिंगवर खळगे नाहीत, ग्रीस ताजं. उजवी बाजू नुसती काट्याने तपासली, तीही ठीक. सगळं परत बांधलं. काका शेजारी भडंग खात बसले होते. काही बोलले नाहीत, तेवढं बरं.

दुपार अगदीच फुकट गेली असं नाही. किंगपिन यादीतून बाद झाला. पण क्रम चुकला होता. रस्त्याने दोन स्पष्ट खुणा दिल्या होत्या, परत न येणारं स्टिअरिंग आणि हलणारा मागचा ॲक्सल. त्या सोडून मी सवयीमागे गेलो.

मागून सुरुवात

दुसऱ्या दिवशी गवंड्याचा ओळंबा घेतला. गाडी सपाट फरशीवर, चाकं सरळ, चारही हबच्या मध्यातून ओळंबा सोडून खाली खडूने खूण. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर उजवीकडे २३७४ मिमी, डावीकडे २३६७. या गाडीचा व्हीलबेस २३७५. कर्णही मोजले, आणि पुढचा ॲक्सल चेसिसला काटकोनात असल्याचं दिसलं. म्हणजे मागचा डावा कोपरा सात मिमी पुढे सरकला होता.

खाली गेल्यावर कारण दिसलं. जादा पान घातलं तेव्हा पाट्याचा सेंटर बोल्ट बदलला होता. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि ॲक्सलची जागा तेच ठरवतं. इथे बाजारातला साधा बोल्ट घातला होता. त्याचं डोकं भोकापेक्षा लहान, आणि आता ते अर्धं तुटलेलं. वर यू-बोल्ट जाड झालेल्या पाट्यावर एकदा आवळले गेले ते परत कधी आवळलेच नव्हते. नवा पाटा गाडी चालली की दबून बसतो, यू-बोल्ट सैल होतात, म्हणून दोन-अडीचशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळायचे असतात. दांडा अडकवून ॲक्सल पुढे-मागे ढकलला तर तो डोळ्यांना दिसेल इतका सरकत होता. बैठकीवर घासल्याची चकचकीत खूण होती. "हळूहळू वाढत गेलं" याचा अर्थ हा.

सात-आठ मिमीने काय होतं, असं काकांनी विचारलं. मागच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे १३०० मिमी. त्यावर ८ मिमी म्हणजे मागचा ॲक्सल अंदाजे एक तृतीयांश अंशाने वळतो. हे दिसायला काहीच नाही. पण ६० किमीच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, आणि तेवढ्या एका सेकंदात ती वीत-दीड वीत बाजूला निघते. आणि हे ॲक्सिलरेटर देता-सोडताना उलटसुलट होत राहिलं, तर चालकाच्या दृष्टीने गाडीला मागे बसलेला दुसरा कोणीतरी स्टिअरिंग करतोय.

योग्य डोक्याचा सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट, शॅकलचे झिजलेले रबर बुश बदलले. मागे पुन्हा ओळंबा : २३७४ आणि २३७३.

रस्त्यावर फरक लगेच जाणवला. ॲक्सिलरेटरची डावी-उजवी गेली. भटकणं निम्मं राहिलं.

मधेच हवेचंही बघितलं. टायरमध्ये ३८ पीएसआय होती. टायरवाल्याचं म्हणणं, मोठ्या टायरला जास्त हवा, ॲव्हरेज वाढतं. गाडीचं वजन जेमतेम टनभर. तो टायर याच्या दीडपट-दुप्पट वजनाच्या गाड्यांना चालतो. एक टनाखाली ३८ भरली की टायर फुगून मधल्याच पट्टीवर उभा राहतो. टायरच्या रुंदीभर खडूची आडवी रेघ मारून शंभर मीटर गाडी सरळ चालवली, तर खडू फक्त मधून पुसला गेला, कडांना तसाच. २६वर आणल्यावर रेघ बऱ्यापैकी सारखी पुसली गेली. गाडीची चुळबुळ थोडी कमी झाली. यावर जास्त लिहीत नाही. याला पैसे लागत नाहीत, म्हणून हे सगळ्यात आधी करायला हवं होतं.

स्टिअरिंग बॉक्सची गोष्ट

ही मला या प्रकरणातली सगळ्यात बोधक वाटली, कारण यात तीन चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्त्यांनी मिळून एक बिघाड तयार केला होता.

ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून, म्हणजे बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्यापासून, सोडवली, म्हणजे बॉक्स एकटा झाला. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवलं. चांगला बॉक्स सगळीकडे मऊ फिरतो, बरोबर मधोमध मात्र अगदी किंचित घट्ट लागतो. बनवतानाच तो तसा केलेला असतो, कारण झीज मध्यावर जास्त होते आणि सरळ जाताना खेळ कमी हवा असतो. इथे एका जागी तो चक्क अडकत होता. बोटाने फिरवता यायचं नाही, जोर लावावा लागायचा. आणि ती जागा स्टिअरिंगच्या आऱ्या सरळ असतानाची नव्हती. सुमारे तिसरा हिस्सा फेरा डावीकडे होती.

दोन टोकांमधले फेरे मोजले आणि निम्मे केले. बॉक्सचा खरा मध्य अडकण्याच्या जागीच होता. म्हणजे गाडी सरळ जात असताना बॉक्स मध्यावर नव्हताच!

मग साखळी उलगडली. गाडी उंच केली की ड्रॅग लिंकचा उतार वाढतो आणि चाकं सरळ असताना स्टिअरिंग तिरकं दिसतं. हे दुरुस्त करायचं ते ड्रॅग लिंकची लांबी फिरवून. अलाइनमेंटवाल्याने सोपा रस्ता धरला. स्टिअरिंगचं चाकच काढलं आणि दुसऱ्या खाचांवर सरळ बसवलं. दिसायला झकास. पण आता सरळ रस्त्यावर बॉक्स मध्यापासून दूर, जिथे मुळातच खेळ जास्त असतो, तिथे काम करू लागला. पुढच्या गॅरेजला तो खेळ दिसला. त्यांनी स्टिअरिंगच्या आऱ्या सरळ ठेवून बॉक्सचा स्क्रू आवळला. त्या जागी खेळ गेला, पण खऱ्या मध्यावर बॉक्स आवळून बसला. हायवेवर थोडं डावीकडे वळवलं की स्टिअरिंग त्या घट्ट जागेत जाऊन रुतायचं. सोडलं तरी तिथेच. माझ्या मैदानातल्या चाचणीत डावी आणि उजवी थांबण्याची जागा वेगळी आली होती, ती यामुळे.

दुरुस्ती उलट क्रमाने केली. बॉक्स खऱ्या मध्यावर आणला, स्क्रू सैल केला, मग तिथेच हलकेच आवळत गेलो, नुसता मोकळेपणा जाईल इतका. चाकं सरळ ठेवून ड्रॅग लिंकची लांबी जुळवली. शेवटी स्टिअरिंगचं चाक आऱ्या सरळ येतील असं बसवलं. बॉक्समधलं तेल अर्धं होतं, ते भरलं.

मोजलेला खेळ आता १२ मिमीऐवजी २० झाला. काकांना हे पटेना. "वाढला की हो!" वाढला, पण गाडी हलकी झाली. गॅरेजमध्ये खेळाचा आकडा छोटा तेवढं बरं मानतात. या बॉक्समध्ये तो १२ होता तोच आजार होता.

काखेत कळसा

एवढं करून मैदानात परत गेलो. स्टिअरिंग सोडलं. आता ते रुतत नव्हतं, दोन्हीकडून सारखं फिरत होतं, पण अर्ध्या वाटेत ओढ संपायची. सरळ व्हायची इच्छाच कमी.

ही इच्छा कॅस्टरमधून येते. हात सोडून सायकल चालवलेल्या कुणालाही ती माहीत असते, नाव नसलं तरी. सायकलचा पुढचा दांडा वरून मागे झुकलेला असतो, त्यामुळे चाक जमिनीला टेकतं ती जागा वळण्याच्या रेषेच्या मागे राहते आणि चाक मागे ओढलं जाऊन सरळ होतं. जिप्सीत किंगपिनची रेषा अशीच वरून मागे झुकलेली असते, साडेतीन अंश.

अलाइनमेंटचा कागद मागितला, तर काकांनी डॅशबोर्डच्या खणातून दोन काढून दिले. दोन्हींवर कॅस्टर छापलेला होता. डावा ०.८, उजवा १.२. दोन्ही लाल. खाली पेनने लिहिलेलं : 'ॲडजस्टेबल नाही'. बरोबरच आहे, या गाडीत कॅस्टर फिरवायला बोल्ट नाही. म्हणून मशीनवरच्या मुलाने टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप, तेवढा हिरवा केला आणि कागद घडी करून दिला. उत्तर वर्षभर खणात होतं, इन्शुरन्सच्या कागदाखाली.

कॅस्टर गेला कुठे? लांब शॅकलमध्ये. जिप्सीत पुढच्या पाट्याचं मागचं टोक चेसिसला पक्कं असतं आणि शॅकल पुढच्या टोकाला. तो शॅकल ४० मिमीने लांबवला की पाट्याचं पुढचं टोक चेसिसच्या मानाने ४० मिमी खाली जातं. पाटा डोळ्यापासून डोळ्यापर्यंत तीन फुटांच्या आसपास. म्हणजे अख्खा पाटा सुमारे अडीच अंश पुढे झुकला, त्यावर बसलेला ॲक्सलही झुकला, आणि किंगपिनची वरची बाजू तेवढीच पुढे आली. साडेतीनातून अडीच गेले, राहिला एक. कागदावरही सरासरी एकच.

आणि आता बाकीच्या नोंदींचाही अर्थ लागला. ब्रेक लावला की कॅलिपर फिरत्या चाकाला धरतो आणि ॲक्सलला चाकाच्या दिशेने, म्हणजे वरून पुढे, फिरवू पाहतो. पाटे तेवढे वाकतात. उरलेला एक अंशही त्या क्षणी जवळजवळ संपतो, म्हणून ब्रेकमध्ये चुळबुळ. फोर-एचमध्ये उलट घडतं : पुढचा ॲक्सल चाकांना ढकलताना स्वतः मागे झुकतो, कॅस्टर थोडा वाढतो. काकांची 'शहाण्यावानी' गाडी ही होती. (डांबरी रस्त्यावर फोर-एच हा मात्र उपाय नव्हे, ट्रान्स्फर केस आणि टायर दोन्ही जातील.)

पाचर

माझं मत मूळ शॅकल परत लावावेत असं होतं, आणि मी ते सांगितलं. उंची वाढवली की फक्त एकच गोष्ट बदलली, असं कधी होत नाही. शिवाय कंपनीने दिलेल्या मापांपासून गाडी बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, फिटनेसच्या वेळी ते पुढे येऊ शकतं. काकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. टायर नवे होते, ते घासले असते. तडजोड म्हणून पाचर ठरली.

पाचर म्हणजे पाटा आणि ॲक्सलची बैठक यांच्यामध्ये घालायची उतरती पट्टी. २ अंशांची, पोलादी घेतली. ॲल्युमिनियमच्या मिळतात, पण त्या चुरतात आणि तडकतात, आणि एकदा चुरली की सेंटर बोल्टचं मघाचंच नाटक पुढच्या बाजूला सुरू होतं. जिप्सीत ॲक्सल पाट्याच्या वर बसतो, म्हणून किंगपिन मागे झुकवायला पाचरीची जाड बाजू पुढे. ज्या गाडीत ॲक्सल पाट्याच्या खाली असतो तिथे हे बरोबर उलट. कुणाचं ऐकून घालू नका, ॲक्सल कुठल्या बाजूला फिरणार हे आधी कागदावर काढा. सेंटर बोल्ट पाचरीच्या जाडीइतका लांब घेतला, डोकं भोकात पूर्ण बसल्याची खात्री केली, यू-बोल्ट टॉर्क रेंचने चौफेर थोडे थोडे आवळले.

अडीच अंशांची पाचर का नाही घातली? ॲक्सल मागे फिरवला की त्याच्या मागच्या तोंडाला जोडलेला प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट खाली जातो आणि त्याचा कोन वाढतो. गाडी उंच झाल्याने तो आधीच वाढलेला होता. दोनवर थांबणं मला शहाणपणाचं वाटलं.

मशीनवर पुन्हा नेली. कॅस्टर डावा २.८, उजवा ३.२. टो या वेळी मी समोर उभं राहून करून घेतला. आधी तो १ मिमी बाहेरच्या बाजूला होता, म्हणजे पुढून चाकं किंचित फाकलेली. या गाडीला २ ते ६ मिमी आत हवा. चालताना रस्ता चाकांना मागे ढकलतो, सांध्यांतला उरलासुरला मोकळेपणा त्यांना फाकवतो, म्हणून उभ्या गाडीत थोडी आत वळलेली हवीत. ३ मिमीवर ठेवला. मशीनवाल्या मुलाला स्टिअरिंगचं चाक काढू दिलं नाही.

मैदानातली चाचणी : पूर्ण कापून सोडलं, स्टिअरिंग सरसर उलगडलं आणि जवळजवळ सरळ येऊन थांबलं. काकांनी ते तीनदा करून पाहिलं.

नंतर

दोनशे किलोमीटरवर चारही बाजूंचे यू-बोल्ट परत आवळले. मागचा डावा जवळजवळ पाव फेरा घेतला. पुढे तीन हजार किलोमीटरनंतर गाडी पाहिली. ओळंब्याची मापं तीच, टायर सारखे झिजतायत. ८० च्या पुढे आणि आडवा वारा असला की ती अजूनही हलते. उंच, अरुंद, पाट्यांची गाडी आहे, त्यात वर उचललेली. ते जायचं नाही.

दर टप्प्यानंतर आम्ही गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चालवून मगच पुढचं काम धरलं. यात तीन आठवडे गेले. सगळं एका दिवशी केलं असतं तर दोन दिवसांत झालं असतं, पण मग कशाने किती फरक पडला हे मला लिहिता आलं नसतं. माझा अंदाज : निम्मा दोष मागच्या सेंटर बोल्टचा, उरलेल्यात मोठा वाटा कॅस्टरचा, मग बॉक्स, आणि टो व हवा शेवटी.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. मला वाटलं, परत काहीतरी सैल झालं.

"लाइन धरतीया झकास," म्हणाले, "पण पार्किंगला लई जड झालीया ओ. पयल्यासारखी हलकी न्हाई करता येणार?"

कॅस्टर वाढला की जागेवर कापताना स्टिअरिंग जड लागतं, त्यात टायर रुंद आणि हवा कमी. मी त्यांना म्हटलं, काका, चाक किंचित चालतं ठेवून कापत जा. ते म्हणाले, बघतो.